परवलीचा शब्द न उच्चारता : शून्य-ज्ञान सिद्धता आणि संदेशांची पडताळणी

किल्ल्याच्या दरवाजावर रात्रीचा पहारा आहे. अंधारातून कोणी येतो. पहारेकरी दरडावून विचारतो, "कोण आहे?" येणारा परवलीचा शब्द सांगतो आणि दिंडी उघडते. ही व्यवस्था जुनी आहे, सोपी आहे. पण तिच्यात एक मोठे वैगुण्य आहे. परवलीचा शब्द एकदा उच्चारला की तो आपला एकट्याचा राहत नाही. झुडपाआड दबा धरून बसलेल्याने तो ऐकला तर तोही त्याच शब्दावर आत येईल. आणि झुडपाआड कोणी नसले तरी पहारेकऱ्याने तो ऐकलेलाच असतो. पहारेकरीच फितूर निघाला तर?

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो : परवलीचा शब्द मला ठाऊक आहे, एवढीच गोष्ट पहारेकऱ्याला पटवून द्यायची; पण शब्द काय आहे, याचा एक अक्षरभरही सुगावा त्याला लागू द्यायचा नाही. हे शक्य आहे काय?

प्रथमदर्शनी हा प्रश्न विनोदी वाटतो. ज्ञान दाखवल्याशिवाय ज्ञान आहे हे सिद्ध कसे व्हावे? परंतु संगणकाच्या जगात या प्रश्नावर फार काही अवलंबून आहे. "माझ्या खात्यातून अमक्याला पाचशे रुपये द्यावेत" असा संदेश बँकेच्या संगणकाकडे येतो. कागदावरची सही हुबेहूब उठवायला थोडे तरी कसब लागते. तारेवरून आलेल्या अक्षरांची नक्कल करायला काहीच लागत नाही. नक्कल आणि अस्सल यांत तेथे फरकच नसतो. मग संदेश पाठवणारा खरा कोण, हे त्या संगणकातील आज्ञावलीने ओळखायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर देणारी जी कल्पना गणितज्ञांनी शोधली, तिला शून्य-ज्ञान सिद्धता म्हणतात. तिची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू. बेरीज, गुणाकार आणि भागाकाराची बाकी एवढे येत असले म्हणजे पुरे.

दोन डबे कुंद्याचे

आधी गणिताशिवाय पाहू. समजा, तुमच्यासमोर कुंद्याचे दोन डबे आहेत. तुमचा मित्र म्हणतो, "हे दोन निरनिराळ्या दुकानांचे आहेत, मला चवीवरून कळते." तुम्हाला तर दोन्हींत काडीचाही फरक जाणवत नाही. मित्र खरे बोलतो आहे की थाप मारतो आहे?

उपाय सोपा आहे. मित्राने पाठ फिरवावी. तुम्ही नाणे उडवावे. छापा आला तर डब्यांची अदलाबदल करावी, काटा आला तर ते तसेच ठेवावेत. मग मित्राने चव घेऊन एवढेच सांगावे : "बदलले" किंवा "बदलले नाहीत". थाप मारणारा असेल तर एका खेपेला त्याचे उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी. वीस खेपांना लागोपाठ बरोबर येण्याची शक्यता १०,४८,५७६ मध्ये एक. विसाव्या खेपेनंतर तुमची खात्री पटलेली असेल. आणि तरीही कोणता डबा कोणत्या दुकानाचा, हे तुम्हाला कळलेले नाही! दोन्हींत फरक आहे एवढेच पटले. फरक कसा ओळखायचा हे तुम्ही शिकला नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. या वीस खेपांची टिपणे तुम्ही तिसऱ्या कोणाला दाखवली तर त्याला ती पटणार नाहीत. तो म्हणेल, "तुम्ही दोघांनी संगनमत करून ही टिपणे लिहिली नाहीत कशावरून?" तुमची खात्री पटली ती टिपणांमुळे नव्हे, प्रश्न तुम्ही स्वतः, ऐन वेळी, नाणे उडवून ठरवलात म्हणून पटली. हा मुद्दा मनात ठेवावा. पुढे सारे त्यावरच उभे आहे.

या विचाराला शास्त्रीय रूप दिले ते शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ या तिघांनी, १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात. त्यांच्या या कार्याला १९९३ मध्ये गोडेल पारितोषिकाचा मान मिळाला आणि गोल्डवासर व मिकाली यांना २०१२ सालचे ट्यूरिंग पारितोषिक देण्यात आले. अशा सिद्धतेच्या तीन कसोट्या आहेत. दावा खरा असेल तर तपासनिसाची खात्री पटली पाहिजे. दावा खोटा असेल तर, नगण्य शक्यता सोडून, खात्री पटता कामा नये. आणि तिसरी, सर्वांत नवलाची : दावा खरा आहे यापलीकडे तपासनिसाला काहीही कळता कामा नये.

इसार, सवाल, जबाब

आता आकड्यांकडे वळू. जर्मन गणितज्ञ क्लाउस श्नोर यांनी १९८९ मध्ये मांडलेली पद्धत आपण लहान संख्यांवर करून पाहणार आहोत. २ चे घात घ्या आणि प्रत्येक वेळी २३ ने भागून फक्त बाकी ठेवा. पहिल्या घातापासून अकराव्यापर्यंत बाक्या अशा येतात :

२, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १.

अकराव्या घाताला १ येतो आणि तेथून हीच माळ पुन्हा सुरू होते. म्हणून घातांकांचा हिशेब करताना ११ ने भागून बाकी घेतली तरी चालते.

दावेदाराने आपल्यापुरती एक गुप्त संख्या निवडली : ७. दोनाच्या सातव्या घाताची बाकी १३. ही त्याची जाहीर संख्या. ती सर्वांना ठाऊक आहे. '१३ च्या मागची गुप्त संख्या मला माहीत आहे' हा त्याचा दावा. (वरच्या माळेत पाहून आपल्यालाही ७ सापडतो, हे खरे. पण २३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची संख्या घेतली म्हणजे ती माळ लिहून काढणे जगातल्या सर्व संगणकांनाही अशक्य होते. घात करणे सोपे, घातावरून घातांक शोधणे कठीण. या विषमतेवर सारा डोलारा उभा आहे.)

सिद्धतेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी इसाराची. जागेच्या व्यवहारात इसार दिला की माणूस बांधला जातो, तसे येथेही. दावेदार एक तात्पुरती संख्या मनात धरतो, समजा ४. दोनाचा चौथा घात १६. हा इसार तो तपासनिसाला देतो. दुसरी पायरी सवालाची. तपासनीस ० ते १० मधली कोणतीही संख्या चिठ्ठी उचलल्यासारखी निवडतो, समजा ५. तिसरी पायरी जबाबाची. दावेदार सवालाला गुप्त संख्येने गुणतो, त्यात तात्पुरती संख्या मिळवतो आणि ११ ने भागून बाकी सांगतो. ५ गुणिले ७ म्हणजे ३५, अधिक ४ म्हणजे ३९, बाकी ६. जबाब : ६.

तपासनीस पडताळा असा घेतो. एका बाजूला दोनाचा सहावा घात : १८. दुसऱ्या बाजूला इसार गुणिले जाहीर संख्येचा पाचवा घात. १३ चा वर्ग १६९, बाकी ८. आठाचा वर्ग ६४, बाकी १८, हा १३ चा चौथा घात. त्याला आणखी एकदा १३ ने गुणले की २३४, बाकी ४. आता १६ गुणिले ४ म्हणजे ६४, बाकी १८. दोन्ही बाजू जुळल्या. ७ हा आकडा कोठेही उच्चारला गेला नाही.

कलगी-तुऱ्याच्या फडात जबाब देणाऱ्याचा कस लागतो तो सवाल आधी ठाऊक नसतो म्हणून. येथेही तेच. गुप्त संख्या माहीत नसलेला लबाड फार तर एखाद्या ठरावीक सवालाची तयारी करून इसार देऊ शकेल. नेमका तोच सवाल यावा ही शक्यता आपल्या उदाहरणात अकरांत एक. प्रत्यक्षातील मोठ्या संख्यांत ती शून्यातच जमा.

तपासनिसाला काही कळले का?

१६, ५, ६ ही तीन संख्यांची नोंद तपासनिसाच्या हाती राहिली. तिच्यातून ७ चा काही सुगावा लागतो काय? लागत नाही, आणि त्याचे कारण मोठे मौजेचे आहे. अशी नोंद गुप्त संख्या मुळीच ठाऊक नसलेला माणूसही बनवू शकतो. फक्त त्याने उलट्या क्रमाने जायचे. आधी जबाब ठरवा, ९. मग सवाल ठरवा, २. दोनाचा नववा घात ६. १३ च्या वर्गाची बाकी ८. आता कोणत्या संख्येला ८ ने गुणून २३ ने भागले असता ६ उरतात? १८ ला, कारण १४४ मधून १३८ वजा जाता ६. झाली नोंद तयार : इसार १८, सवाल २, जबाब ९. पडताळा बिनचूक जुळतो.

जी नोंद कोणालाही घरी बसून करता येते तिच्यातून गुपित बाहेर पडेल कसे? अर्थात तपासनीस सवाल खरोखर चिठ्ठी टाकून निवडतो, हे येथे गृहीत आहे. तात्पर्य, खरी आणि बनावट नोंद दिसायला सारखीच. दोन्हींत फरक एकच : खऱ्या नोंदीत इसार आधी आणि सवाल नंतर. क्रम हाच पुरावा.

सवालापासून सहीपर्यंत

येथे व्यवहारातली अडचण येते. तपासनीस प्रत्येक संदेशाच्या वेळी समोर हजर कोठून असणार? पत्र आज लिहिले, उद्या पोचले, महिन्याने कोणी तपासले; सवाल विचारायचा कोणी?

अमोस फियाट आणि आदी शामीर यांनी १९८६ मध्ये याला तोड काढली. सवाल माणसाने विचारूच नये. तो हॅश फलनाने काढून द्यावा. हॅश फलन म्हणजे कितीही लांब मजकूर घेऊन ठरावीक आकाराची संख्या देणारी गणिती घिरट. मजकुरात एक काना इकडचा तिकडे झाला तरी संख्या पार बदलते, आणि हवी ती संख्या यावी असा मजकूर जुळवणे कोणाला साधत नाही. या घिरटीत इसार, जाहीर संख्या आणि संदेश असे तिन्ही घालायचे. बाहेर येईल तो सवाल. इसार ठरल्यावाचून सवाल निघत नाही, म्हणून क्रम आपोआप पाळला जातो. आणि सवाल संदेशावर अवलंबून असल्यामुळे जबाब त्या एकाच संदेशाला चिकटतो. हीच संगणकीय सही.

समजा, 'पाचशे रुपये द्यावेत' या संदेशासाठी सवाल ५ निघाला. तर सही झाली १६ आणि ६. वाटेत कोणी 'पाचशे' चे 'पाच हजार' केले, तर सवाल बदलून समजा ८ होईल. १३ च्या आठव्या घाताची बाकी २. १६ गुणिले २ म्हणजे ३२, बाकी ९. पण दोनाचा सहावा घात १८ आहे. नऊ आणि अठरा जुळत नाहीत, संदेश परत.

ही केवळ फळ्यावरची करमणूक नव्हे. याच कुळातील 'एड २५५१९' ही सही ओपन-एसएसएच या प्रणालीत २०१४ पासून आहे, आणि बिटकॉइनमध्ये श्नोर यांची सही नोव्हेंबर २०२१ पासून चालू झाली.

याहून पुढची गोष्ट गोल्डराइश, मिकाली आणि विगडरसन यांनी १९८६ मध्ये दाखवली. ज्या विधानाचा पुरावा हाती आल्यावर तो झटपट तपासता येतो, अशा प्रत्येक विधानाची शून्य-ज्ञान सिद्धता देता येते. त्यासाठी एक गृहीत लागते, ते असे की करायला सोपी पण उलटवायला कठीण अशी फलने असतात. म्हणजे 'हा संदेश गटातल्या सभासदाचाच आहे' हे सिद्ध करता येते आणि तो सभासद कोण हे झाकून ठेवता येते. सिग्नल या निरोप-प्रणालीने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केलेली गट-व्यवस्था याच तत्त्वावर आहे.

तात्पुरती संख्या पुन्हा वापरली तर

आता चुकांकडे वळू. कारण या विद्येतले गणित सहसा फसत नाही, ते वापरणारा फसतो.

समजा, आपल्या दावेदाराने आळस केला आणि दुसऱ्या संदेशावर सही करतानाही तात्पुरती संख्या ४ च ठेवली. पहिल्या सहीत सवाल ५, जबाब ६. दुसरीत सवाल ८. ५६ अधिक ४ म्हणजे ६०, बाकी ५. दोन्ही सह्या बिनचूक आहेत. पण त्या शेजारी शेजारी ठेवणाऱ्याला दिसते की सवाल ३ ने वाढला आणि जबाब १ ने घटला, म्हणजे ११ च्या हिशेबात १० ने वाढला. मग कोणत्या संख्येला ३ ने गुणून ११ ने भागले असता १० उरतात? ७ ला. गुपित उघडे!

या तऱ्हेचे प्रश्न आपल्याकडे नवे नाहीत. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास ते सोडवण्याची रीत दिली आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) 'कुट्टक' नावाचे प्रकरणच त्यावर आहे. कुट्टक म्हणजे कुटून बारीक करणारा. मोठ्या संख्या कुटत कुटत लहान करायच्या. आजच्या सहाशे अंकी संख्यांवरही त्याच जातीची रीत क्षणात काम करते. २०१० च्या डिसेंबरात बर्लिन येथील परिषदेत काही तंत्रज्ञांनी प्लेस्टेशन ३ या खेळयंत्राच्या सहीची गुप्त किल्ली मिळवण्याचा मार्ग दाखवला. तेथील सहीची पद्धत थोडी निराळी, पण चूक नेमकी हीच : दर वेळी बदलायची संख्या बदललीच नव्हती.

घिरटीत दावाच घातला नाही तर

दुसरी चूक याहून सूक्ष्म आणि अधिक गंभीर आहे. घिरटीत इसार आणि संदेश घातले, पण ज्याविषयी सिद्धता द्यायची तो दावाच घालायचे राहिले, तर? मग लबाड इसार ठरवतो, सवाल काढून घेतो, जबाब मनाला येईल तो लिहितो आणि शेवटी या तिन्हींना साजेसा दावा तयार करतो. उत्तरपत्रिका आधी लिहून मग तिला जुळणारा प्रश्न छापून घ्यावा, तसाच हा प्रकार.

स्वित्झर्लंडच्या टपाल खात्याने इलेक्ट्रॉनिक मतदानासाठी घेतलेल्या प्रणालीची आज्ञावली २०१९ च्या आरंभी तपासणीसाठी खुली केली. मते योग्य रीतीने उलगडली याची सिद्धता ती प्रणाली देत असे. सारा जेमी लुईस, ओलिव्हिए परेरा आणि व्हनेसा टीग या संशोधकांनी मार्च महिन्यात दाखवून दिले की त्या सिद्धतेच्या घिरटीत दाव्याचे सर्व घटक घातलेलेच नव्हते. त्यामुळे आतल्या एखाद्या अप्रामाणिक अधिकाऱ्याला काही मते निरर्थक करून टाकता आली असती आणि तरीही 'सर्व काही ठीक' अशी सिद्धता देता आली असती. तसे कोणी केले असे नव्हे. पण करता आले असते. त्या वर्षी मे महिन्याच्या मतदानात ती प्रणाली वापरली गेली नाही.

विचार करा : गणित निर्दोष, संगणक निर्दोष, एका घिरटीत घालायच्या यादीतून काही नावे गळाली, आणि नागरिकांचे मत पणाला लागले. चूक सापडली ती आज्ञावली उघड्यावर ठेवली म्हणून, हेही विसरू नये.

एका विद्यार्थ्याची शंका

हा विषय वर्गात सांगत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, सही जुळली म्हणजे संदेश खरा, असेच ना?" नव्हे. सही जुळली याचा अर्थ, गुप्त संख्या जाणणाऱ्याने या मजकुराला मान्यता दिली, एवढाच. मजकूर असत्य असू शकतो. गुप्त संख्या चोरीला गेलेली असू शकते. तोच संदेश तीच सही घेऊन दुसऱ्यांदा आला तर पडताळा पुन्हा जुळेल आणि पाचशे रुपये पुन्हा जातील. म्हणून संदेशात अनुक्रमांक किंवा वेळ घालावी लागते. शिवाय घातांक शोधणे कठीण आहे, हे कोणी सिद्ध केलेले नाही. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर ते सोपे होईल. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने निराळ्या गणितावरच्या सह्यांची मानके प्रसिद्ध केली. त्यांतल्या एका प्रमुख सहीचा साचा मात्र हाच आहे : इसार, सवाल, जबाब. गणित बदलले, क्रम बदलला नाही.

सारांश, या साऱ्या विद्येचे मर्म एका वाक्यात येते : ज्याने जबाब द्यायचा, त्याच्या हाती सवाल असता कामा नये. परीक्षेत, न्यायालयात, हिशेब-तपासणीत हे आपण पूर्वीपासून जाणतो. संगणकाने ते आपल्याला नव्याने आणि काटेकोरपणे शिकवले.

वाचकांनी हातात कागद-पेन्सिल घेऊन एक उदाहरण स्वतः करून पाहावे. गुप्त संख्या ५, तात्पुरती संख्या ९, सवाल ४. जाहीर संख्या, इसार आणि जबाब काढा, आणि दोन्ही बाजू जुळतात का पाहा. (उत्तर : जाहीर संख्या ९, इसार ६, जबाब ७, दोन्ही बाजूंना १३.) मग शेजारी बसलेल्या मित्राला सवाल विचारायला सांगा. मात्र इसार आधी द्या.